पत्ते हातात घ्यावेत, पण युक्ती कोणती निवडावी?

घरात पत्त्यांचा कॅट दिसला की आपल्या आया-बहिणींच्या कपाळावर आठी उमटते. तिला कारण आहे. पगार घरी पोचण्याआधी रमीच्या अड्ड्यावर संपल्याच्या गोष्टी कामगार वस्तीत कुणाला नव्याने सांगाव्या लागत नाहीत. चिखलीच्या घरकुलात, मोरेवस्तीत, जाधववाडीत, कुठेही विचारा. त्यामुळे नववी-दहावीतला मुलगा आरशासमोर उभा राहून पत्ते पिसू लागला की आईच्या पोटात गोळा येतो. मुलगा सांगतो, "अगं, मी जुगार नाही, जादू शिकतोय." आई म्हणते, "पत्ते ते पत्तेच!"

मला या भांडणात दोघांचीही बाजू पटते. पत्त्यांच्या जादूगाराची बोटे आणि पत्ते लावणाऱ्या लबाडाची बोटे बऱ्याच वेळा एकच काम करत असतात. १९०२ साली अमेरिकेत एस. डब्ल्यू. अर्डनेस या टोपणनावाने एक पुस्तक निघाले, 'द एक्स्पर्ट अ‍ॅट द कार्ड टेबल'. पत्त्यांच्या हातचलाखीवरचे ते आजही पायाचे पुस्तक मानले जाते. त्याच्या एका भागात जुगाराच्या टेबलावर पाने कशी लावायची ते आहे, दुसऱ्या भागात करमणुकीचे खेळ कसे करायचे ते आहे. तीच बोटे, तीच पाने. लेखक नक्की कोण होता, यावर जादूगार मंडळी अजून वाद घालतात.

म्हणून पोराच्या हातातला कॅट हिसकावून घेण्यापेक्षा तो कोणती युक्ती निवडतो आहे, इकडे लक्ष द्यावे असे माझे मत आहे. आजकाल मुले मोबाईलवर पाहून शिकतात. तिथे जे सगळ्यात चमकदार, ते आधी दिसते. एका हाताने कॅट उलगडणे, पाने हवेत उडवणे, खालचे पान वरचे म्हणून वाटणे. पोरगे तेच धरून बसते, दोन महिने बोटे मोडून घेते आणि शेवटी चार माणसांसमोर पाने जमिनीवर सांडतात. निवड चुकली की असे होते.

आपल्याच पट्ट्यातले एक मोठे नाव आधी सांगतो. चाकणजवळच्या आंबेठाणचे रघुवीर भोपळे (१९२४-१९८४) हे 'जादूगार रघुवीर' म्हणून महाराष्ट्राला माहीत झाले. पुढे मुलगा विजय रघुवीर आणि नातू जितेंद्र रघुवीर यांनी ती परंपरा चालवली. त्यांची जादू रंगमंचाची. पडदा, पेट्या, दिवे, मदतनीस, मोठे नाट्यगृह. आपल्या वस्तीतल्या पोराकडे यातले काही नाही. त्याच्याकडे असते एक सतरंजी, विहारालगतची किंवा जिन्याखालची जागा, आणि गुडघ्याला गुडघा लावून बसलेली पंधरा-वीस माणसे. पत्त्याचे पान पंधराव्या रांगेतून दिसत नाही, पण हातभर अंतरावरून पाहणाऱ्याला ते पेटीतल्या बाईपेक्षा जास्त चकवते. जागा लहान आणि खिसा रिकामा असेल तर पत्त्यांसारखे सामान नाही.

पण जागा लहान असली की माणसे चारी बाजूंनी बसतात, हे विसरू नये. परदेशी पुस्तकातला जादूगार टेबलापलीकडे बसलेला असतो आणि त्याच्या पाठीमागे भिंत असते. आपल्याकडे पाठीमागे तीन पोरे खांद्यावरून डोकावत असतात. युक्ती निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा. मागून दिसेल का? दिसणार असेल तर ती कितीही भारी असो, आपल्या कामाची नाही.

सुरुवात हातचलाखीशिवायच करावी. एकवीस पानांचा खेळ आपल्याकडे पुष्कळांना येतो. एकवीस पाने सात-सातच्या तीन रांगांत उताणी मांडायची, समोरच्याने एक मनात धरायचे आणि फक्त रांग सांगायची. ती रांग उचलताना मधोमध ठेवायची. पुन्हा तशीच तीन रांगांत वाटायची. असे तीनदा केले की त्याचे पान वरून अकरावे येते. यात हाताचे कसब शून्य आहे, सगळे गणित आहे. तरीही मी तो पहिला शिकवतो, कारण त्यात मुलाला माणसांशी बोलायची सवय होते. पाने मांडताना गप्प बसलेला मुलगा जादूगार होत नाही, तो पोस्टात टपाल वेगळे करणारा वाटतो.

दुसरा 'ओळखीच्या पाना'चा. कॅट हातात असताना तळाचे पान सहज पाहून ठेवावे. समजा, चौकट नव्वी आहे. समोरच्याने कोणतेही पान काढावे, पाहावे आणि कॅटच्या वर पालथे ठेवावे. आता कॅट काटायचा, म्हणजे वरचा भाग बाजूला ठेवून खालचा भाग त्यावर ठेवायचा. चौकट नव्वी त्याच्या पानाच्या डोक्यावर येऊन बसली. नंतर त्याला हवे तितक्या वेळा असेच काटू द्यावे. काटल्याने पानांची साखळी तुटत नाही, फक्त सुरुवात बदलते. मग वरून एकेक पान उताणे टाकत जावे. नव्वी आली की पुढचे पान त्याचे. (क्वचित काटताना नेमके दोघांच्या मध्येच कापले जाते. तेव्हा नव्वी शेवटी येते आणि त्याचे पान सगळ्यात पहिले असते.) इथे सगळी चलाखी एका नजरेत आहे, आणि ती नजर कुणाला दिसत नाही.

आता हाताच्या कामाकडे येऊ. माझ्या मते पत्त्यांच्या जादूत पहिली शिकायची हातचलाखी म्हणजे पिसणे. आणि इथे आपल्या मुलांना जन्मजात सवलत आहे!

आपल्याकडे रमीला, बदाम सातीला किंवा मेंढीकोटाला बसलेला माणूस पत्ते कसे पिसतो ते आठवा. उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटांनी कॅटच्या दोन लांब कडा धरायच्या, डाव्या हाताच्या बोटांनी वरची चार-सहा पाने ओढून तळहातावर पाडायची, पुन्हा वरून चार-सहा, पुन्हा चार-सहा. घराघरांत हेच चालते. परदेशी जादूच्या पुस्तकांत या पिसण्याला 'हिंदू शफल' म्हणतात. नाव तिकडच्यांनी दिलेले, पिसण्याला काही धर्म नसतो. पण तिकडच्या जादूगाराला हे मुद्दाम शिकावे लागते आणि त्याच्या प्रेक्षकाला ते परके वाटते. आपल्याकडे उलटे आहे. दोन ढीग करून फर्रकन एकात एक घुसवणारा मुलगा दिसला की घरातली माणसे लगेच सावध होतात, "हा कुठल्या अड्ड्यावर शिकून आला?" म्हणून विचारतात. आजी जशी पिसते तसे पिसणाऱ्यावर कोण संशय घेणार?

या पिसण्यात एक गोष्ट लपलेली आहे. पाने नेहमी वरून ओढली जातात, त्यामुळे उजव्या हातातल्या गठ्ठ्याचे तळाचे पान शेवटपर्यंत तेच राहते. समोरच्याला सांगावे, "मी पिसतोय, वाटेल तेव्हा थांब म्हण." तो थांब म्हणाला की उजवा हात वर करून तळाचे पान त्याला दाखवावे. त्याला वाटते, थांबायचा क्षण त्याने निवडला. क्षण त्याने निवडलाच होता, पण पान आधीपासून ठरलेले होते. आणि हीच रीत ओळखीच्या पानालाही उपयोगी पडते. त्याचे पान डाव्या हातातल्या गठ्ठ्यावर ठेवून घ्यावे आणि उजव्या हातातला गठ्ठा वर टाकावा. पाहिलेले तळाचे पान आपोआप त्याच्या पानावर बसते. एका पिसण्यात दोन कामे.

याहून सोपी पान गळ्यात घालण्याची रीत म्हणजे आडवे काटणे. जे पान द्यायचे ते कॅटच्या वर असते. समोरच्याने वरचा गठ्ठा उचलून खाली ठेवावा. आपण उरलेला गठ्ठा त्यावर आडवा, अधिक चिन्हासारखा ठेवावा, "खूण राहू दे" म्हणून. मग लगेच पान दाखवू नये. त्याच्याकडे पाहून दोन वाक्ये बोलावीत, कुठल्या पाळीला जातोस, आज बस चुकली का, काहीही. त्या अर्ध्या मिनिटात कोणता गठ्ठा वरचा आणि कोणता खालचा, हे त्याच्या डोक्यातून निघून जाते. नंतर आडवा गठ्ठा उचलून म्हणावे, "तू काटलेस तिथले पान बघ." तो खालच्या गठ्ठ्याचे वरचे पान घेतो, जे मुळात कॅटच्या अगदी वर होते. बोटांनी काहीच केलेले नाही. सगळे काम मधल्या अर्ध्या मिनिटाने केले. माणूस डोळ्यांनी पाहतो खरे, पण लक्ष नसेल तर समोरचेही दिसत नाही. अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी, सायमन्स आणि शाब्री यांनी, १९९९ साली केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. चेंडूची फेकाफेक मोजायला सांगितलेल्या जवळजवळ निम्म्या लोकांना मधून चालत गेलेला गोरिलाच्या वेषातला माणूस दिसला नाही!

या तीन-चार गोष्टी पक्क्या झाल्यावर एकच कठीण युक्ती निवडायची असेल तर दोन पाने एकासारखी उचलणे ही निवडावी. जादूगार तिला 'डबल लिफ्ट' म्हणतात. वरची दोन पाने एकच पान असल्यासारखी उलटवून दाखवायची. समोरच्याला दिसते बदाम राणी. ती पुन्हा पालथी करायची आणि वरचे एक पान त्याच्या तळहातावर ठेवायचे. तो राणी घट्ट धरून बसतो. मूठ उघडतो तर किलवर तिर्री. राणी कॅटवरच राहिलेली असते.

तयारी आधी करावी लागते. बोलता बोलता वरची तीन-चार पाने जरा पसरावीत आणि बंद करताना दुसऱ्या पानाखाली करंगळीचे टोक अडकवावे. आता दोन पाने वेगळी झाली. मग उजव्या हाताने त्यांच्या कडा धरून उलटवायची. अडचण उचलण्यात येत नाही, उचलण्याआधी येते. नवखा मुलगा दोन पाने उचलताना श्वास रोखतो, कडा दाबतो, हाताकडे टक लावून बघतो. तिथेच तो पकडला जातो. म्हणून मी सांगतो की आधी एकच पान पन्नास वेळा उलटव आणि आपला हात ते कसे करतो ते बघ. किती निष्काळजीपणे करतो ते बघ. मग दोन पाने तशीच उलटव. एक पान उलटताना कुणी चिमटा घेतल्यासारखे धरत नाही.

कॅनडात जन्मलेले डाय व्हर्नन (१८९४-१९९२) यांनी आयुष्यभर हेच सांगितले, की हात नैसर्गिक दिसला पाहिजे. त्यांची एक हकीकत जादूच्या जगात सगळ्यांना माहीत आहे. हुदिनी हा बेड्या तोडणारा जगप्रसिद्ध जादूगार छातीठोक म्हणे, कोणताही खेळ तीनदा पाहिला की मी युक्ती ओळखतो. १९२२ साली शिकागोत व्हर्नन यांनी त्याच्याकडून एका पानावर सही घेतली. ते पान वरून दुसरे ठेवल्याचे दाखवले आणि ते पुन्हा वर आले. पुन्हा ठेवले, पुन्हा वर. तीन काय, त्याहून जास्त वेळा झाले आणि हुदिनीला उलगडा झाला नाही. खेळ इतकाच, की पान वर येते. पाने उडवली नाहीत, फुलवली नाहीत.

पत्ते कोणते घ्यावेत, असे मुले विचारतात. या युक्तीला कागदी पाने बरी. गुळगुळीत प्लास्टिकची पाने एकमेकांवरून सरकतात आणि दोन पानांची कड वेगळी दिसते. पावसाळ्यात कागदी पाने दमटून फुगतात, तेव्हा कॅट डब्यात ठेवावा. आणि बावन्न पाने आधी मोजावीत. निम्म्या घरांतल्या कॅटात एक तरी पान हरवलेले असते आणि त्या जागी विनोदवीर, म्हणजे जोकर, लिहून बसवलेला असतो.

टाळावे काय? तळहातात पान लपवणे टाळावे. वर्षभर घाम गाळावा लागतो, आणि आपल्याकडे बाजूला बसलेले पोर तळहाताच्या कडेतून पान बघते आणि ओरडते. काटलेला कॅट गुपचूप पुन्हा होता तसा करण्याची 'पास' नावाची युक्ती आहे, तीही टाळावी, त्याच कारणाने. तळाचे किंवा दुसरे पान वरचे म्हणून वाटण्याच्या युक्त्या जुगाराच्या टेबलासाठी जन्मल्या. ज्याला खेळ करायचा आहे त्याला त्यांची गरज पडत नाही. ज्याला त्यांची गरज पडते त्याच्याबद्दल आईने काळजी करावी.

आता हातांविषयी. हे आपल्या भागात बोललेच पाहिजे. तळवडे, भोसरी, चाकण इथल्या शॉपमध्ये काम करणाऱ्याचा हात पुस्तकातल्या चित्रासारखा नसतो. कातडी जाड झालेली, कूलंटने कोरडी पडलेली, बोटांच्या टोकांना घट्टे. पातळ पानाची कड त्या टोकाला कळत नाही. पाळी संपल्यावर हात धुऊन तेलाचा थेंब चोळावा आणि मग कोरडा करून पत्ते घ्यावेत, एवढे केले तरी फरक पडतो. करंगळीला कड कळत नसेल तर अनामिकेने धरावी. कुणी परीक्षा घ्यायला बसलेले नाही.

आणि ज्यांची बोटे प्रेस मशीनखाली गेली आहेत, त्यांचे काय? वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या पट्ट्यात अशी माणसे प्रत्येक गल्लीत भेटतात. त्यांना चारचौघांत हात खिशात घालून उभे राहायची सवय लागते. त्यांच्यासाठी एक नाव सांगतो, रेने लावांद. अर्जेंटिनाचे, जन्म १९२८, मृत्यू २०१५. नऊ वर्षांचे असताना मोटारीच्या अपघातात उजवा हात गेला. उरलेल्या एकट्या डाव्या हाताने ते पत्ते शिकले. शिकवणारे कुणी नव्हते, कारण पुस्तके सगळी दोन हातांच्या माणसांसाठी लिहिलेली. बरीच वर्षे बँकेत नोकरी केली (आम्हा कारकून मंडळींना हे वाचून बरे वाटते) आणि मग पूर्णवेळ जादूगार होऊन जगभर फिरले. त्यांचे वैशिष्ट्य वेग नव्हते, तर सावकाशपणा. तेच तेच काम ते आणखी हळू, आणखी हळू करून दाखवत, आणि तरीही समोरच्याला काही कळत नसे. एक हात नसल्याने त्यांनी दोन हातांच्या युक्त्यांची नक्कल केली नाही, एका हाताला जमेल तेच निवडले. अमेरिकेतले रिचर्ड टर्नर अंध आहेत आणि पत्ते हाताळणाऱ्या जगातल्या पहिल्या फळीतल्या लोकांत त्यांची गणना होते. वर सांगितलेले एकवीस पानांचे, ओळखीच्या पानाचे आणि आडवे काटण्याचे खेळ तर दोन-तीन बोटांनीही पूर्ण होतात. आपल्या बाबांना, काकांना ते शिकवून पाहा.

आता एका कडू युक्तीकडे वळतो. जत्रेत, आठवडी बाजाराच्या कडेला, स्टेशनबाहेर उलट्या खोक्यावर तीन पत्त्यांचा डाव मांडलेला असतो. दोन साधी पाने आणि एक राणी. राणी ओळखा, पैसे दुप्पट. अर्डनेसच्या त्या १९०२ च्या पुस्तकातही हा डाव आहे. पाने मधोमध लांबीने वाकवलेली असतात, म्हणजे उचलायला सोपी. डाववाला उजव्या हातात दोन पाने एकाखाली एक धरतो, अंगठा एका बाजूला आणि बोटे दुसऱ्या बाजूला. खालची राणी सगळ्यांना दाखवतो. मग झटक्यात खाली टाकतो. सगळ्यांना वाटते खालचे पान पडले. पडलेले असते वरचे. डोळा राणीचा म्हणून त्या पानाच्या मागे फिरतो, आणि फिरतो तो चुकीच्या पानामागे.

याखेरीज आजूबाजूची दोन-तीन माणसे त्याचीच असतात. एक जण जिंकून नोटा मोजतो. दुसरा, डाववाला मान वळवतो तेव्हा, राणीचा कोपरा मुडपून तुम्हाला डोळा मारतो. तुम्हाला वाटते, आता डोळे मिटूनही ओळखू. पुढच्या फेकीत डाववाला राणीचा कोपरा सरळ करतो आणि दुसऱ्या पानाचा मुडपतो. तुम्ही आनंदाने शंभराच्या जागी हजार लावता. तेवढ्यात कुणीतरी "पोलीस!" ओरडते आणि खोके सोडून सगळे पसार.

मी बी. कॉम. झालेला माणूस, मला हिशोब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. समजा डाव अगदी प्रामाणिक आहे आणि तुम्ही आंधळेपणाने पान निवडता. तीन डावांत सरासरी एकदा शंभर जिंकाल, दोनदा शंभर हराल. तीन डावांत शंभर गेले, म्हणजे दर डावाला तेहतीस रुपये. हा प्रामाणिक डावाचा तोटा. फेक खोटी असेल तर जिंकण्याची संधी शून्य, सगळेच जाणार. गुरुवारी, आपल्याकडच्या अनेक कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, खिशात पैसे आणि हातात वेळ असलेला पोरगा याच खोक्यासमोर उभा राहतो.

ही फेक शिकवावी का? यावर आमच्या मंडळींत दोन मते आहेत. काही जण म्हणतात, सापाला दूध पाजू नका. माझे मत असे, की पोरांना ती एकदा मोठ्या माणसाने करून दाखवावी आणि लगेच हळूहळू उलगडून दाखवावी. पैशाऐवजी शेंगदाणे लावावेत. स्वतः राणी हरलेला मुलगा पुढे त्या खोक्याजवळ थांबत नाही. सराव मात्र कुणा एका जबाबदार माणसानेच करावा. उघड करणे आणि झाकणे यांचा माझा हिशोब साधा आहे. ज्या युक्तीने लोकांना लुबाडतात ती उघडी करावी, ज्या युक्तीने लोकांना हसवतात ती झाकून ठेवावी. वर लिहिलेल्या सोप्या युक्त्या जादूच्या प्राथमिक पुस्तकांत आहेत, म्हणून लिहिल्या. कुणा व्यावसायिक जादूगाराचा खेळ चालू असताना "मला माहीत आहे!" म्हणून ओरडू नये. त्याचे पोट त्यावर असते.

हातातून अंगारा काढणाऱ्या बुवाची गोष्ट निराळी. राख पेजेत कालवून गोळी वाळवायची, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात धरायची आणि हात फिरवताना चुरायची. पत्त्यासाठी जी लपवाछपवी अवघड म्हणून मी टाळा म्हटले, तीच एवढ्याशा गोळीसाठी सोपी होते. केरळचे बी. प्रेमानंद (१९३०-२००९) यांनी असे शेकडो चमत्कार गावोगाव करून उलगडले. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली आणि कार्यकर्त्यांनी वस्त्यांत, शाळांत हीच प्रात्यक्षिके केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसा मिळवणे, लोकांना फसवणे किंवा दहशत घालणे हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत.

मी हे पत्त्यांच्या लेखात का घालतो? कारण चांगला खेळ करणाऱ्या मुलाला पहिली परीक्षा इथेच द्यावी लागते. त्याने दोन पाने ओळखली की एखादी म्हातारी मावशी जवळ येते आणि हळूच विचारते, "बाळा, माझ्या लेकीचं कधी जमेल तेवढं सांग ना." त्या क्षणी सोळा वर्षांच्या मुलाच्या अंगावर मूठभर मांस चढते. तिथे त्याने, "मावशी, हे हाताचे काम आहे, मला पुढचे काही दिसत नाही," असे म्हटले पाहिजे. म्हणून मी मुलांना मनकवडेपणाचा आव आणणारे खेळ निवडू देत नाही. पान वर आले, पान बदलले, पान सापडले, एवढेच निवडावे. केवट्ट सुत्तात एक गृहस्थ तथागतांना विनवतो की नालंदेत एखाद्या भिक्खूकडून चमत्कार दाखवा, म्हणजे लोकांची श्रद्धा वाढेल. तथागत नकार देतात. अविश्वासी माणूस म्हणेल, ही तर गांधारी विद्या आहे, यात काय मोठेसे, असे कारणही देतात. आपल्या मुलाला हे वाचून दाखवावे.

सरावाचे वेळापत्रक कारखान्याच्या पाळीसारखे नको. रोज पंधरा मिनिटे पुरतात. पहिला महिना फक्त पिसणे आणि बोलणे. दुसऱ्या महिन्यात आडवे काटणे. दोन पाने उचलण्याला तीन महिने द्यावेत, त्यातही पहिले पंधरा दिवस एकच पान. आरशापेक्षा मोबाईलचा कॅमेरा बरा. आरशात आपण आपल्याच डोळ्यांत बघतो आणि चूक होते त्या क्षणी पापणी मिटतो. मोबाईल समोर, मग डाव्या बाजूला, मग पाठीमागे ठेवून तीनदा पाहावे. बहिणीला समोर बसवावे. बहिणीइतका निर्दय प्रेक्षक मिळत नाही. आणि मुलगी शिकायची म्हणत असेल तर तिला कॅट द्या, बोटे लहान असली तरी या चार युक्त्यांना पुरतात.

खेळ संपल्यावर कुणीतरी "पुन्हा दाखव" म्हणणारच. तोच खेळ तसाच दाखवू नये, दुसऱ्या वेळी माणूस हातांकडे बघतो. पिसण्याने पान दिले असेल तर दुसऱ्यांदा आडवे काटून द्यावे. पाहणाऱ्याला खेळ तोच वाटतो, पण तो पहिल्या वाटेवर नजर रोखून बसलेला असतो आणि पान दुसऱ्या वाटेने येते.